वैशूचा वेगळा कंगवा

आमच्या मोरीच्या खिडकीत स्टीलचा एक पेला आहे. त्यात निळा कंगवा उभा असतो. तो माझ्या मोठ्या मुलीचा, वैष्णवीचा. आम्हा बाकीच्या तिघांचे कंगवे आरशाखालच्या फळीवर एकात एक अडकून पडलेले असतात. वैशूचं डोकं आता बरंचसं बरं आहे. तिचा आजार कुणाला लागणारा नव्हता, कधीच नव्हता. तरी तिचा कंगवा खिडकीतच राहतो. तो तिथं ठेवायला मीच सांगितलं होतं. आता तो फळीवर ठेव असं मी सांगतो, आणि ती मान हलवते, आणि कंगवा खिडकीतच असतो.

ज्यांच्या घरात वयात आलेल्या लेकराचं डोकं खाजतंय, खपल्या पडतायत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांची नावं मी देणार नाही, ती डॉक्टर देतील. मी काय केलं तेवढं सांगतो.

*

आम्ही पुंडलिकनगरात राहतो. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्याआधीचं सांगायचं तर आम्ही मेंढपाळ. माझे वडील, आबा, गुडघे चालत होते तोवर मेंढरांमागे होते. मीही शाळेच्या सुट्ट्यांत त्यांच्याबरोबर माळावर असायचो. शहरात आलो, पँटशर्ट घातला, मुलींना इंग्रजी शाळेत घातलं. पण मनापासून येणारं, कुणाला न विचारता करता येणारं असं एकच काम मला येत होतं, ते म्हणजे जनावर ओळखणं. कोणतं मेंढरू आजारी पडणार हे मला चालीवरून कळायचं. आबा लोकांना कौतुकानं सांगायचे, "ह्याची नजर लई बारीक हाय."

वैशू दहावीत गेली तेव्हा तिच्या गणवेशाच्या खांद्यावर पांढरा चुरा दिसायला लागला. आम्ही म्हटलं, कोंडा आहे. टीव्हीवर दाखवतात तो शांपू आणला, मग दुसरा आणला. दुपारी ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसली की भिंतीपलीकडून खाजवण्याचा आवाज यायचा. मी बाहेरून ओरडायचो, "हात खाली." आवाज थांबायचा. थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायचा, हळू, मला ऐकू जाऊ नये असा. तो हळू केलेला आवाज मला अजून ऐकू येतो. कारखान्यात कुणी सँडपेपर घासला तरी माझं पाठीमागे लक्ष जातं.

खपल्या कानामागे आल्या, कपाळाच्या कडेला आल्या. तेव्हा एका रविवारी मी तिला गच्चीवर उन्हात बसवलं आणि केस बाजूला करून पाहिलं. दोन्ही अंगठ्यांनी केस उकलले. लोकर उकलतात तसेच. आत जाड, पांढरट, चांदीसारखी चमकणारी पापुद्र्यांचा थर होता आणि त्याच्या कडेनं लाल कातडी.

मला वाटलं, आपण हे ओळखलं.

*

मेंढरांना लूत लागते. जनावराची खरूज म्हणा. अंगाला खाज सुटते, खपल्या धरतात, लोकर झडते. एकाला झाली की कळपभर पसरते. त्यामुळं लूत दिसली की पहिलं काम, ते मेंढरू वेगळं काढायचं. मग त्या जागेची लोकर कातरायची आणि करंजाच्या तेलात गंधक खलून चोळायचं. आबांनी मला हे शिकवलं होतं आणि मी ते करत आलो होतो.

त्याच दिवसापासून मी वैशूला वेगळं काढलं. तिचा टॉवेल वेगळा, उशी वेगळी, कंगवा वेगळ्या पेल्यात. धाकटी समृद्धी तेव्हा तिसरीत होती. दोघी बहिणी एका गादीवर झोपायच्या, एकमेकींच्या अंगावर पाय टाकून. समूला मी आमच्यात घेतलं. वैशूची गादी आतल्या खोलीत भिंतीला लावली.

समू रडली. वैशू रडली नाही. तिनं विचारलं, "पप्पा, समूला होईल का?"

"होऊ नये म्हणूनच," मी म्हटलं.

"मग ठीक आहे."

माझी बायको संगीता म्हणाली, "आधी डॉक्टरला दाखवू. औरंगपुऱ्यात त्या बाई आहेत ना चामडीच्या."

"कशाला? हे मी लहानपणापासून बघतोय."

"मेंढीचं अन् लेकराचं एक असतंय का ओ?"

"कातडी ती कातडीच."

हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोललो आहे. त्यात मला शहाणपण वाटलं होतं. घरात पहिल्यांदाच असं काही घडत होतं जे मोबाइलमध्ये न बघता मला माहीत होतं.

शहागंजात जडीबुटीचं एक जुनं दुकान आहे. तिथून करंजाचं तेल आणि गंधक घेतलं. म्हाताऱ्या दुकानदारानं पुडी बांधता बांधता विचारलं, "जानवर के वास्ते होना ना?"

"हौ," मी म्हटलं.

"बकरी?"

"मेंढी."

त्यानं पुडी दिली. मी ती खिशात घालून स्कूटरला किक मारली. माणसासाठी आहे असं म्हटलं असतं तर त्यानं दिली नसती, हे मला तिथं उभा असतानाच कळत होतं.

*

वैशूचे केस कमरेपर्यंत होते. केसांतून तेल कातडीला लागत नव्हतं, म्हणून पुढच्या रविवारी मी ते कापले. आबांची लोखंडी कातर गावाकडं होती म्हणून घरातली कात्री वापरली. इथं असती तर तीच घेतली असती, इतका मी त्या कामात होतो.

संगीता गच्चीच्या दारात उभी होती. "दहावीचं वर्ष आहे. पोरी हसतील तिला."

"केस काय, येतील परत."

वैशू माझ्यासमोर खाली बसली. पहिल्या बटेला कात्री लावताच ती दचकली, मान बाजूला गेली. आणि मी कसलाही विचार न करता तिचं डोकं माझ्या दोन्ही गुडघ्यांत धरलं. मेंढरू कातरताना असंच धरतात. थोडा वेळ धडपडतं, मग सोडून देतं, निपचित पडतं, डोळे उघडे ठेवून कुठंतरी बघत राहतं. त्यानंतर काम सोपं जातं.

वैशूनंही सोडून दिलं. तिची मान माझ्या गुडघ्यांत सैल पडली. मला तेव्हा बरं वाटलं की पोरगी ऐकते आहे.

मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं की त्या वेळी ती कुठं बघत होती. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घातले होते. त्या दिशेला असेल. मी तिच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं.

तेल लावलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, लई आग होतीय."

"आग होते म्हणजे लागू पडतंय."

दुसऱ्या वेळी ती काही बोलली नाही. तिसऱ्या वेळी पुडी आणि वाटी तिनंच आणून दिली.

वेगळं काढलेलं मेंढरू काय करतं हे मला माहीत होतं. आबा त्याला चारा देऊन पुढं निघायचे आणि पाळत ठेवायला मला मागं बसवायचे. ते चाऱ्याला तोंड लावत नाही. कळप गेला त्या बाजूला तोंड करून उभं राहतं, दिवसभर. आतल्या खोलीत वैशू जेवायला बसायची तेव्हा तोंड दाराकडं करून बसायची. दारातून आमचा टीव्ही दिसायचा आणि टीव्हीसमोर आम्ही. ताटात पोळी तशीच राहायची. मी हे बघत होतो, आणि माझी नजर लई बारीक होती.

*

पुढच्या आठवड्यात तिच्या डोक्यातून पाणी यायला लागलं. मग वास. एका सकाळी कपाळ सुजून डोळे बारीक झाले आणि अंगात ताप. मी कामावर होतो. संगीतानं मला विचारलं नाही, फोन केला तो रिक्षात बसल्यावर. "औरंगपुऱ्याला निघालेय. यायचं असेल तर या."

मी पोचलो तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. संगीता बाकावर बसली होती. वैशू तिच्या शेजारी नव्हती. समोरच्या भिंतीला टेकून एकटी उभी होती, डोक्याला ओढणी गुंडाळून. संगीताच्या शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "पोरी, बस की, जागा हाय." ती म्हणाली, "नको आजी. तुम्हाला होईल."

आत डॉक्टरबाईंनी ओढणी काढायला सांगितली आणि हात पुढं केला. वैशू खुर्चीत मागं सरकली.

"मॅडम, हात नका लावू."

"दुखतंय?"

"नाही. दुसऱ्याला लागतं ते."

डॉक्टरबाईंनी, जिथं जखम नव्हती तिथं, कानामागच्या खपल्यांवर, उघडा हात ठेवला आणि तसाच ठेवून बोलत राहिल्या. शाळा कोणती, कोणता विषय आवडतो. वैशू उत्तरं देत होती, पण श्वास धरून. मग त्यांनी तिची नखं पाहिली, कोपरं पाहिली.

"हा मूळ आजार सोरायसिस आहे," त्या आम्हाला म्हणाल्या. "आणि त्यावर हे जे भाजल्यासारखं झालंय, पू झालाय, ते वेगळं. हे कशानं झालं? काय लावलं होतं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात वैशू म्हणाली, "मीच लावलं, मॅडम. नेटवर बघून."

डॉक्टरबाईंनी तिला रागावलं. कडक शब्दांत, पण मायेनं रागावतात तसं. मुलींनो, काहीही बघता आणि डोक्याला फासता. केसांचं काय करून घेतलंस हे. वैशू मान खाली घालून ऐकत होती. संगीता माझ्याकडं बघत होती. आणि मी गप्प बसलो. माझ्या लेकीनं माझ्या वाटची बोलणी खाल्ली आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून ती तिला खाऊ दिली.

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला असं काही? कोपरावर, गुडघ्यावर, जाड पांढरी कातडी?"

"नाही," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच मला आबांची कोपरं दिसली.

*

आबांच्या दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर जाड, पांढरट, भेगाळलेली कातडी होती. उन्हाळ्यात कमी व्हायची, थंडीत वाढायची. आम्ही समजायचो, माळावर कोपर टेकून पडतात म्हणून घट्टे पडलेत. लहानपणी मी त्या खपल्या नखानं उचकटायचो आणि आबा "ए, गुदगुल्या होतेत" म्हणून हसायचे. आम्ही सगळी भावंडं त्यांच्या एका घोंगडीत, त्यांच्या हाताची उशी करून झोपलो. कुणाला काही झालं नाही. त्यांना कुणी कधी वेगळं काढलं नाही.

सगळ्या कळपात लूत ओळखणारा माणूस स्वतःच्या अंगावर हे घेऊन फिरत होता, आणि त्याला ती लूत नाही हे ठाऊक असणार, कारण त्यानं आम्हाला कुशीत घेतलं. मी तेवढंच विसरलो. बाकी सगळं लक्षात ठेवलं, तेल, गंधक, कात्री.

डॉक्टरबाई सांगत होत्या, "हे संसर्गाचं नाही. हिच्याजवळ झोपा, हिच्या ताटात जेवा, हिचा कंगवा वापरा. कुणाला काही होणार नाही."

वैशूनं विचारलं, "बहिणीला पण?"

"बहिणीला पण नाही, बेटा."

ती रडायला लागली ती तेव्हा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. संगीतानं तिला जवळ घेतलं. मी उठून औषधांची चिठ्ठी घेतली, कारण हातांना दुसरं काम नव्हतं.

*

मग ड्रेसिंगचे दिवस. रोज दुपारी मी तिला स्कूटरवरून न्यायचो. ती आमच्या दोघांच्या मध्ये दप्तर ठेवून बसायची. दप्तर पाठीवर घे म्हटलं तर म्हणायची, "असू द्या, बरंय." औरंगपुऱ्याच्या गर्दीत ब्रेक दाबला की दप्तर माझ्या पाठीला लागायचं, ती नाही.

चिकटलेल्या खपल्या पाण्यानं भिजवून काढायच्या. पडद्याआड ती ओढणी तोंडात धरायची. मी बाहेरच्या बाकावर. तिसऱ्या की चौथ्या खेपेला डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जखम हवी तशी वाळत नाहीये. हिनं नक्की काय लावलं ते ती नीट सांगत नाही."

मी उभा राहिलो. "करंजाचं तेल आणि गंधक. तिनं नाही. मी लावलं. केसही मी कापले. मेंढरांना लावतात ते."

बाकावरच्या लोकांनी माझ्याकडं बघितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी सांगायला हवं होतं." आणि आत गेल्या. त्यांनी औषध बदललं, जखम वाळायला लागली.

परतताना स्कूटरवर वैशू म्हणाली, "कशाला सांगितलं? माझं झालं होतं ऐकून."

सिग्नलला थांबलो. मी म्हटलं, "चुकलं माझं." गाड्यांच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. पुन्हा म्हणायला हवं होतं.

घरी संगीता माझ्याशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढायची, मीठ संपलं सांगायची. एकदाच म्हणाली, "मी दारात उभी होते. कात्री हिसकायला पाहिजे होती मी." मी म्हटलं, तुझी चूक नाही. ती म्हणाली, "ते तुम्ही नका सांगू मला."

*

चांगलंही घडलं, ते सांगायला हवं. तिची मैत्रीण निकिता घरी आली, सरळ आतल्या खोलीत गेली आणि तिच्या गादीवर मांडी घालून बसली. "अगं, कट तर लई भारी दिसतोय. कुठल्या पार्लरात केला?" मी बाहेर पाणी पीत होतो. आतून वैशू म्हणाली, "घरीच. पार्लरवाले लई भाव खातात." दोघी हसल्या. तिच्या मैत्रिणीपासूनही तिनं माझं नाव लपवलं.

जखम भरल्यावर डॉक्टरबाईंनी लिहून दिलेला डांबराचा शांपू सुरू झाला. त्याचा वास घरभर. समू नाक धरून म्हणाली, "दीदी, तुझ्या डोक्यावर रस्ता करतेत का?"

"हो. टोल द्यावा लागंल."

त्या संध्याकाळी समू आपली उशी ओढत आतल्या खोलीत गेली. मी अडवलं नाही, संगीतानंही नाही. सकाळी पाहिलं तर समू गादीवर पसरली होती आणि वैशू खाली चटईवर, तिच्यापासून हातभर लांब. "समू लाथा मारते," ती म्हणाली. समू आधीपासूनच लाथा मारत होती.

दहावी पार पडली. केस खांद्यापर्यंत आले. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की हे परत परत येईल, थंडीत, परीक्षेच्या ताणात; घाबरायचं नाही, खरवडायचं नाही, औषध लावायचं. या थंडीत आलं. थेंबांचं औषध भांग पाडून कातडीवर सोडायचं असतं. पुढचं ती स्वतः आरशात बघून लावते, मागचं तिची आई. परवा संगीता समूला घेऊन माहेरी गेली होती. वैशू बाटली घेऊन बाहेर आली आणि थोडा वेळ उभी राहिली.

"पप्पा, मागचं दिसत नाही."

मी खुर्चीवर बसलो. ती समोर स्टुलावर बसली, पाठ माझ्याकडं. मला गुडघ्यांचं काय करावं कळेना. मी ते दोन्ही बाजूंना इतके लांब नेले की जांघा दुखायला लागल्या.

"गुडघे लावू नका," ती म्हणाली.

"नाही लावत."

मी भांग पाडला. पहिला थेंब मानेवर गेला. तिनं तो पुसला. दुसरा नीट पडला. तिची मान ताठ होती, शेवटपर्यंत. मला ती ताठ हवी होती.

झाल्यावर ती म्हणाली, "हात धुवून घ्या लगेच."

औषध लावल्यावर हात धुवायचेच असतात, बाटलीवरही लिहिलेलं आहे. ती तेवढ्यासाठीच म्हणाली, की मी शिकवलं होतं म्हणून म्हणाली, हे मी विचारलं नाही. मी हात धुतले. मग खिडकीतल्या पेल्यातला निळा कंगवा घेतला आणि तिच्यासमोर माझ्या डोक्यावरून फिरवला.

ती बघत राहिली. "पप्पा, तुम्हाला केस तरी हायेत का?"

"कानापाशी आहेत थोडे."

"मग तेवढ्यासाठी माझा कंगवा कशाला घाण करता," ती म्हणाली. हसली नाही, पण चिडलीही नाही. कंगवा माझ्या हातून घेतला, नळाखाली धुतला आणि पेल्यात ठेवला.

तेव्हापासून मी सकाळी कामावर निघताना माझा कंगवा तिच्या पेल्यात ठेवतो. संध्याकाळी परत येतो तेव्हा तो फळीवर असतो, आणि पेल्यात निळा कंगवा एकटा. उद्या सकाळी पुन्हा ठेवीन. वेगळं काढलेलं मेंढरू बरं झालं की आबा त्याला कळपात ढकलायचे नाहीत. कळपच त्याच्याजवळ आणून उभा करायचे, आणि ते स्वतः आत येईपर्यंत काठी टेकून थांबायचे. एवढंही मला आठवायला हवं होतं. आता आठवतं.